चारशे बारा कुंड्या

दोना एडेलगार्डनी मला बोलावून सांगितलं,
तीन प्रोग्राम आहेत, तिन्ही घाल माझ्या कॉम्प्युटरात,
पंधरा दिवस फुकट देतात ना,
बघू कोण टिकतो.
चाळीस वर्षं ब्लूमेनाऊच्या गिरणीत
टॉवेल तपासत बसलेली बाई,
सुटलेला धागा डोळ्यांआधी बोटांना कळायचा.

कुंड्या चारशे बारा.
छपरीखाली, पेरूच्या फांद्यांवर, न्हाणीघराच्या खिडकीत,
एक शिलाईच्या मशीनवर,
मुळं चाकात घालून बसलेली.
‘ती आता निघायची नाही. मशीनच तिची कुंडी, लिही.’
कुंडीच्या रकान्यात प्लास्टिक, माती, लाकूड एवढंच होतं.
मी लाकूड लिहिलं.
त्यांनी ते पाहिलं.

पहिला प्रोग्राम महागडा.
कुठल्याही संकराची आठ पिढ्यांची वंशावळ,
आई, बाप, आईचा बाप,
पार खापरपणजोबापर्यंत झाड उलटं उगवत जातं.
‘चर्चच्या वहीत माझा पणजोबा सापडत नाही,’ त्या म्हणाल्या,
‘आणि या फुलाचं सगळं खानदान इथं हजर!’
पण बिननावाची कुंडी त्याला चालत नाही.
पुराच्या वर्षी कुंपणाला अडकून आलेली एक,
पट्टी नाही, मालक नाही,
चिखल धुतला तर खाली एक हिरवा डोळा.
नावाची चौकट लालच राहिली.

दुसरा फुकटचा.
पोर्तुगीज असं, की दोन्ही बटणांवर ‘हो’.
रोज सकाळी सहाला शिट्टी मारून सांगायचा: पाणी घाला.
पत्र्यावर पाऊस ताशा बडवतोय
आणि हा सांगतोय, पाणी घाला.
‘बाहेर बघ, मेल्या,’ म्हणायच्या त्या, रोज.
मला वाटतं, त्यांना तो आवडायचा.

तिसरा फोनमधला, फोटोवाला.
लेलिया पुरपुराताचे चौदा फोटो घातले
तर नम्रपणे विचारतो,
हे सगळं एकच रोप दिसतं, एकत्र करू का?
बाईंनी चष्मा काढला.
‘हिच्या ओठावरची शीर बघ, हिच्या बघ.
गिरणीत असता तर
पहिल्या पाळीतच हाकलला असता याला.’

मग ओस्नीची कुंडी निघाली.
ओस्नी बॉयलरवर होता.
संपाच्या वर्षी पगार नव्हते तेव्हा
त्यानं डब्यातून एक कांडं आणून दिलं होतं हिला,
भाकरीच्या खाली, ओल्या शेवाळात.
मेलंय ते, गेल्या जुलैच्या थंडीत.
नोंद काढून टाक, म्हणाल्या.

दुसऱ्यानं विचारलं, खात्री आहे?
हो. किंवा हो.
गेली.

तिसऱ्यानं पिवळं पान दाखवलं,
पियानो वाजवला,
‘आठवणी’ नावाचा कप्पा उघडला, वर जाहिरात: खत, दोन घेतल्यास एक फुकट.

पहिल्यानं नकार दिला.
ही नोंद काढता येणार नाही.
सात नोंदी हिच्यावर अवलंबून आहेत.

त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.
मग उठून बाहेर गेल्या,
बराच वेळ झारीचा आवाज येत होता,
पाऊस असूनही.

आल्या त्या पाकीट घेऊनच.
पैसे मोजताना पुटपुटल्या, लुटारू.
मग खुर्चीत बसून, एका बोटानं,
पुरात आलेल्या त्या पोरीच्या नावाच्या जागी
एक टिंब दाबलं.
लाल चौकट हिरवी झाली.

या वर्षी मी पुन्हा गेलो, काहीतरी अडकलं होतं.
यादीत आता टिंब आहे, दोन टिंबं आहेत,
एकाच्या नावाला सहा टिंबं.
कुंड्यांत अजून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या,
त्यावर शिसपेन्सिलीनं
तेच.
‘वीज गेली तर?’ बाई म्हणाल्या.
आणि मला ओढतच छपरीखाली नेलं:
‘तीन टिंबंवाली उमललीय.
आधी वास घे. मशीन काय, नंतर बघ.’